सातपुड्यात पहिली रात्र काढणार असशील तर

भाऊ, तोरणमाळकडे जायचा विचार चांगलाच आहे, पण आधी गावातल्या लोकांना भेट. पावरा, भिल्ल मंडळींना कुठल्या नाल्याला पाणी आहे ते ठाऊक असतं. मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागेल का, तेही विचारून घे. यावल अभयारण्यात तर परवानगीशिवाय थांबूच नकोस.

पहिल्या वेळी डिसेंबर-जानेवारी गाठ. थंडी कडक असते, दोन घोंगड्या लागतातच. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात आणि ती खायला अस्वल येतं, म्हणून मोहाखाली पथारी टाकायची नाही. त्याच दिवसांत सागाचा पाचोळा वाळलेला असतो, एका ठिणगीने वणवा लागतो. तेव्हा चूल पेटवूच नकोस, कळण्याची भाकरी आणि ठेचा घरूनच ने.

पाण्याचं नीट ऐक. नाला कोरडा दिसला तरी वळणावरची ओली वाळू हाताने उकर. कोपरभर खड्डा झाला की गढूळ पाणी झिरपतं. ते दोन-तीनदा उपसून टाक, मग नितळ येतं. तरी उकळल्याशिवाय पिऊ नकोस; चूल नसेल तेव्हा घरूनच भरून ने.

आणि जमिनीवर उघड्यावर झोपू नकोस, माझं एवढं ऐकच. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश बऱ्याचदा दुखतही नाही. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी दाबून घे. पहाटे पोटात दुखलं, पापण्या जड झाल्या तर वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा. गाडी कुठे उभी आहे, हे सोबतच्या प्रत्येकाला माहीत हवं.