मेटल डिटेक्टर हाती घेण्यापूर्वी

वाचकांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच यंत्राविषयीची निघाली. दोन इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची आहेत, दोन महाराष्ट्रातली. दोन्हीकडचे कायदे वेगळे असले तरी अडचण एकाच जातीची असल्यामुळे ती या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मुलाच्या बाराव्या वाढदिवसाला आम्ही त्याला मेटल डिटेक्टर घेऊन दिला. घरामागच्या बागेत दोन रविवार फिरवून झाला. आता त्याला जवळच्या सार्वजनिक उद्यानात आणि गावाबाहेर शेतांमधून जाणाऱ्या पायवाटेवर जायचे आहे. पायवाट सर्वांना खुली आहे, तरीही परवानगी लागते का?
— एक वाचक, रेडिंग, इंग्लंड

उत्तर : लागते. पायवाटेवर आपल्याला जो हक्क आहे तो चालत जाण्याचा आहे. तिथल्या मातीवर आणि मातीखालच्या वस्तूंवर तो पोहोचत नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक तुकड्याला कोणी ना कोणी मालक असतो. शेत कुळाकडे असेल तर मालकाबरोबर कुळाचीही संमती घ्यावी. उद्यान नगरपालिकेचे असेल तर तिच्याकडे लेखी विचारावे आणि नकाराची तयारी ठेवावी. नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळे जपणाऱ्या संस्थेच्या जमिनींवर हा छंद चालत नाही, आणि सरकारने संरक्षित ठरवलेल्या प्राचीन स्थळांवर विशेष परवानगीशिवाय यंत्र वापरणे हाच १९७९च्या कायद्याने गुन्हा आहे; तिथे काही खोदले नाही, नुसते फिरवून पाहिले, ही सबब ऐकून घेतली जात नाही.

शेतकऱ्याला भेटायला जाल तेव्हा यंत्र गाडीतच राहू द्यावे आणि सुगीचे दिवस टाळावेत. परवानगी मिळाली तर काय सापडल्यास कोणाचा वाटा किती, हे दोन ओळींत का होईना, त्याच दिवशी कागदावर घ्यावे. मूल्यवान काही निघाल्यानंतर असा कागद करायला बसलेल्या माणसांची तोंडे पाहण्यासारखी असतात, एवढेच अनुभवाने सांगतो.

खोदण्याच्या रीतीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण या छंदाची अब्रू तिथेच राहते किंवा जाते. मी इंग्लंडच्या पूर्व भागात काही वर्षे होतो. तिथल्या एका क्लबबरोबर पहिल्यांदा गेलो, तेव्हा एका वयस्क सभासदाने मला सकाळभर मोकळे सोडले आणि दुपारी जवळ येऊन विचारले, “तुम्ही आतापर्यंत कुठे कुठे खणले, ते दाखवा.” मी मोठ्या उत्साहाने चार जागा दाखवल्या. त्यावर ते म्हणाले, “दाखवता आल्या, म्हणजे चारही चुकल्या.” मग गुडघे टेकून त्यांनी करून दाखवले. यंत्राने आवाज दिला त्या ठिकाणाभोवती अरुंद फावडीने तीन बाजू कापायच्या, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवायची आणि हिरवळीचा तो तुकडा मुळांसकट झाकणासारखा उलटायचा. निघालेली माती गवतावर न टाकता कापडावर घ्यायची. वस्तू मिळाली की खड्ड्यावर पुन्हा एकदा यंत्र फिरवायचे, माती होती त्या क्रमाने परत भरायची, झाकण मिटवायचे आणि वर पाय देऊन दाबायचे. मुळे शाबूत राहिली तर गवत जगते. नाही तर आठवड्याभरात पिवळा चट्टा उठतो आणि पुढच्या माणसाची परवानगी त्या चट्ट्यावर जाते.

खोली हा दुसरा मुद्दा. नांगर जिथपर्यंत पोहोचतो तेवढी माती वर्षानुवर्षे उलथीपालथी झालेली असते. तिच्यातली वस्तू मूळ जागेवरून हललेलीच असल्याने ती उचलल्याने फारसे बिघडत नाही. त्याखालचा थर मात्र ज्यांनी टाकला त्यांच्या हातून जसा पडला तसाच असतो. तिथे यंत्र वाजले तरी आपण थांबायचे.

बाकीचे शिष्टाचार मुलाला सहज कळतील असे आहेत. फाटक उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद ठेवायचे. उभ्या पिकात शिरायचे नाही. निघालेला पत्रा आणि डब्यांची झाकणे खिशात घालून घरी आणायची. दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला दारूगोळा अजूनही निघतो. तसे काही दिसले तर हात न लावता दूर जाऊन पोलिसांना बोलवायचे, हे त्याला पाठच करून द्यावे. सुट्टीत स्कॉटलंड किंवा आयर्लंडला जाणार असाल तर यंत्र घरी ठेवा. स्कॉटलंडमध्ये सापडलेली प्रत्येक पुरातन वस्तू कळवावी लागते आणि ती राजसत्तेची मानली जाते, तर आयर्लंडच्या प्रजासत्ताकात पुरातन वस्तूंच्या शोधासाठी असे यंत्र विनापरवाना वापरण्यास १९८७च्या कायद्याने बंदी आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना नांगरलेल्या शेतात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळचे चांदीचे एक नाणे मिळाले. एकटे नाणे कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असे क्लबमध्ये समजले. मग ते कोणाला कळवण्याचा खटाटोप कशासाठी करायचा?
— एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : क्लबमध्ये मिळालेली माहिती बरोबर आहे. १९९६च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी आणि किमान दहा टक्के सोने किंवा चांदी असलेली, नाण्याखेरीज कोणतीही वस्तू, किंवा एकत्र सापडलेली अशी दोन वा अधिक नाणी, कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) चौदा दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे; न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२३पासून दोनशे वर्षांहून जुन्या, असाधारण महत्त्वाच्या इतर धातूच्या वस्तूही या व्याख्येत आल्या आहेत. आपले नाणे यात येत नाही, त्यामुळे ते कळवणे सर्वस्वी ऐच्छिक आहे.

तरीही कळवावे, असे मी म्हणेन. १९९७पासून तिथे पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची व्यवस्था आहे. इंग्लंडमधला तिचा कारभार ब्रिटिश म्युझियमकडून चालतो. जिल्ह्याजिल्ह्यांत नेमलेले फाइंड्स लिएझन ऑफिसर वस्तू पाहतात, मोजतात, छायाचित्र घेतात आणि परत देतात. नाणे आपल्या घरातून जाणार नाही. अशा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंच्या नोंदी आजवर झाल्या आहेत. एक नाणे काहीच सांगत नाही, हे खरे. परंतु त्याच शिवारात तशी वीस नाणी आणि त्याच काळची तुटकी बकले दहा वर्षांत दहा जणांना मिळाली, तर तिथे एके काळी बाजार भरत होता असा संशय घेता येतो. यासाठी नोंदीत जागा नेमकी हवी. “लेस्टरजवळचे शेत” एवढ्याने भागत नाही; नकाशावरचा आठ आकडी संदर्भ दिला की दहा मीटरच्या चौकोनापर्यंत पोहोचता येते, आणि हल्ली फोनवरून तो मिळवायला अर्धे मिनिट पुरते.

एकाऐवजी पुष्कळ नाणी दिसू लागली तर काय करावे, याचा दाखला सफोक परगण्यातल्या हॉक्सनचा आहे. (Hoxne हे स्पेलिंग वाचून या नावाचा उच्चार करता येईल, असे कोणी समजू नये.) नोव्हेंबर १९९२मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून देण्यासाठी एरिक लॉझ हे त्याचे परिचित यंत्र घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी आणि चमचे लागले. काही वस्तू वर काढल्यावर आणखी बरेच खाली आहे हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी खणणे थांबवले. अधिकाऱ्यांना कळवले गेले, दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन ठेवा थराथराने उचलला. नाणी सुमारे पंधरा हजार निघाली, पण त्याहून बोलका भाग वेगळाच होता : लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी तिच्या आतल्या छोट्या डब्यांची चांदीची इवलीशी कुलुपे जागच्या जागी होती आणि वस्तूंमध्ये भरलेल्या गवताच्या खुणाही राहिल्या होत्या. कोणीतरी चाचपडत सगळे पिशवीत भरले असते तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण पेटी कशी भरली होती हे कोणालाही कळले नसते. लॉझ यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

याच्या उलट गोष्ट लेमस्टरजवळची आहे. २०१५मध्ये तिथे व्हायकिंग काळातला एक ठेवा दोघांनी काढला आणि परस्पर विकायला घेतला. २०१९मध्ये दोघेही अनेक वर्षांसाठी तुरुंगात गेले. हाती आलेल्या थोड्या नाण्यांवर वेसेक्स आणि मर्सिया या दोन राज्यांच्या मैत्रीची साक्ष होती. बहुतेक नाणी अजून बेपत्ता आहेत, आणि त्यांवर आणखी काय होते हे आज कोणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : पुण्यात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला असून, पावसाळ्यात मित्रांबरोबर गडावर जाऊन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, शोधण्याचा त्याचा बेत आहे. विकण्याचा हेतू नाही, घरात जपून ठेवू, असे तो म्हणतो. त्याला काय सांगावे?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : त्याला गडावर जाऊ द्यावे, यंत्र मात्र आपल्याकडे ठेवून घ्यावे. इंग्लंडमधील वाचकांना मी वर जी रीत सांगितली, ती नांगरलेल्या खासगी शेतातली आहे. गडाला ती लागू होत नाही. आपले अनेक किल्ले केंद्राच्या १९५८च्या किंवा राज्याच्या १९६०च्या कायद्याखाली संरक्षित स्मारके आहेत, अनेकांचे डोंगरउतार वनखात्याच्या ताब्यात आहेत, आणि संरक्षित क्षेत्रात परवान्यावाचून खोदकाम करता येत नाही. शिवनेरी, राजगड, लोहगड यांच्यासह बारा किल्ले जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, हेही त्याच्या कानावर घालावे.

हेतूचा मुद्दा मी मान्य करतो. लोभापायी गडाच्या पायऱ्या आणि समाध्या उकरणाऱ्यांपेक्षा आपला भाचा निश्चितच बरा. पण मातीतून उचललेली शिवराई त्याच्या कपाटात गेली की ती कोणत्या वाड्याच्या जोत्यापाशी, राखेच्या थरावर होती की खाली, हे कायमचे पुसले जाते. विकली काय आणि जपली काय, या बाबतीत फरक पडत नाही. दायमाबादचे उदाहरण घ्या. १९७४मध्ये प्रवरेकाठच्या या गावात एक ग्रामस्थ झाडाचे खोड खणत असताना त्याला ब्राँझची चार शिल्पे मिळाली : बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा, मिळून साठ किलोंहून अधिक वजनाची. त्या माणसाचा काहीच दोष नव्हता. परंतु शिल्पे कोणत्या थरात होती हे तज्ज्ञांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले नाही, आणि ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातली की बरीच नंतरची, यावर अभ्यासकांमध्ये वाद झाला.

आपण सिन्नरचे आहात, तेव्हा नाशिकजवळच्या जोगलटेंभीची आठवणही करून देतो. १९०६मध्ये तिथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आढळला. नहपानाच्या पराभवाचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा नाही, आणि तो मिळाला याचे कारण ठेवा एकत्र राहिला. त्यातली मूठ मूठ सोनाराच्या मुशीत गेली असती तर हे प्रमाण कोणी मोजले असते?

भाच्याला नाण्यांची खरोखर ओढ असेल तर त्याने एखाद्या नाणकशास्त्राच्या अभ्यासवर्गात नाव घालावे, किंवा परवाना घेऊन चाललेल्या उत्खननात स्वयंसेवक म्हणून काम मागावे. दिवसभर उन्हात बसून चाळणीने माती चाळण्याची त्याची तयारी आहे का, तेही त्यातून कळेल.

प्रश्न : विहिरीचे काम करताना आमच्या शेतात मडके फुटून तांब्याची चाळीसएक नाणी निघाली. घरच्यांनी चिंच-मीठ लावून काही घासली. गावातले एक गृहस्थ सांगतात की आणखी धन आहे. ते एक पायाळू माणूस आणि यंत्र घेऊन येणार आहेत. काय करावे?
— एक शेतकरी वाचक, बीड जिल्हा

उत्तर : पहिली गोष्ट, चिंच बाजूला ठेवा. नाण्यावरचा हिरवट-काळा थर म्हणजे मळ नव्हे; घासताना त्याबरोबर अक्षरेही जातात. उरलेली नाणी मातीसकट कोरड्या कागदात गुंडाळा, मडक्याच्या खापऱ्या टाकू नका आणि विहिरीच्या त्या बाजूचे काम थांबवून जागेचा फोटो घ्या.

दुसरी गोष्ट, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १८७८चा निखात निधी (जमिनीत पुरलेल्या धनाविषयीचा) कायदा आजही अमलात आहे आणि त्यातली कळवण्याची मर्यादा अजून दहा रुपये किमतीचीच आहे, त्यामुळे “किरकोळ आहे” असे म्हणून सुटता येत नाही. दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद आणि हिश्श्यावर पाणी. कळवल्यास मात्र मूळ कायदा आपल्या बाजूचा आहे : शंभर वर्षांहून जुना, बेवारस ठरलेला ठेवा असेल आणि आधी काही ठरलेले नसेल, तर शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमीनमालकाला एक चतुर्थांश मिळतो. सरकारने ठेवा स्वतःकडे घेतला तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक मोबदला द्यावा लागतो. नाणी विहीर खणणाऱ्या मजुरांच्या हाताला लागली असतील, तर ते शोधणारे ठरतात; त्यांची नावे अर्जात अवश्य घाला.

तिसरी गोष्ट, त्या गृहस्थांना दारातूनच निरोप द्या. पायाळू माणसाला जमिनीखालचे दिसते ही समजूत जुनी आहे आणि अलीकडे तिला बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची जोड मिळाल्यामुळे ती शास्त्रीय वाटू लागली आहे. यंत्राला धन कळत नाही; धातू कळतो. विहिरीच्या कामावर पडलेला सळईचा तुकडाही ते तितक्याच जोरात सांगेल, आणि तेवढ्या आवाजावर हे लोक आपल्याकडून पूजेचे पैसे घेतील. गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणे २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. माणूस ऐकत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या.