लंडनच्या विनापरवाना रेडिओवर नेमकं काय लागायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की लंडनमध्ये बेकायदा रेडिओ केंद्रांवर लागायचं तरी काय, आणि बीबीसी असताना ती ऐकायचं कोण. २००० नंतर काही वर्षं मी पूर्व लंडनमध्ये राहत होते. शुक्रवारी संध्याकाळी ही केंद्रं सुरू झाली की रविवारी रात्रीपर्यंत माझा रेडिओ तिथून हलायचा नाही.

बहुतेकांना जहाजांची गोष्ट माहीत असते. १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइन समुद्रात उभ्या जहाजावरून पॉप गाणी वाजवू लागलं, १९६७ च्या कायद्याने बहुतेक जहाजं गप्प झाली, आणि त्याच वर्षी बीबीसीने रेडिओ वन हे पॉप केंद्र सुरू करून जहाजांवरचेच काही निवेदक घेतले. माझ्या मते खरी बहार आली ती पुढे, उंच इमारतींच्या गच्च्यांवर. १९८० च्या सुमारास पश्चिम लंडनमधून ड्रेड ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन रेगे ऐकवू लागलं. शहरात एवढी मोठी कॅरिबियन वस्ती, पण तिचं संगीत अधिकृत केंद्रांवर औषधापुरतं! मग पूर्व लंडनमधल्या हॅकनीतून १९९१ मध्ये कूल एफएम आलं जंगल नावाचं वेगवान नाचाचं संगीत घेऊन, १९९४ मध्ये रिन्स एफएम आलं.

ट्रान्समीटर एका इमारतीच्या गच्चीवर, स्टुडिओ दुसरीकडेच कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये. छापा पडला तर ट्रान्समीटर जायचा, माणसं आणि रेकॉर्डी वाचायच्या. डीजेंना पगार नव्हताच, उलट तेच केंद्राला वर्गणी द्यायचे आणि त्या बदल्यात दोन तासांची वेळ मिळायची. तेवढ्यात डीजे बाजारात न आलेली गाणी लावायचा. ती मऊ लेप दिलेल्या तबकडीवर एकेक प्रत कापून घेतलेली असत, थोड्या दिवसांत झिजून जात. त्यावर एमसी, म्हणजे माइकवर बोलणारे, तिथल्या तिथे शब्द रचायचे. ग्राइम हा रॅपसारखा प्रकार असाच वाढला. या केंद्रांवर बोलून तयार झालेल्या डिझी रास्कल या रॅपरला २००३ मध्ये मर्क्युरी हा अल्बमसाठीचा पुरस्कार मिळाला.

मला सगळ्यात आवडायचे ते मिस्ड कॉल. स्टुडिओचा मोबाइल नंबर एमसी सारखा सांगत राहायचा. गाणं आवडलं की पोरं एक रिंग देऊन फोन ठेवायची. पैसे लागत नसत. एमसी स्क्रीनवर बघून नंबरचे शेवटचे तीन आकडे पुकारायचा, आणि कॉलांचा पाऊस पडला की डीजे तबकडी मागे फिरवून गाणं पहिल्यापासून लावायचा. एवढ्या लगेच श्रोत्याचं ऐकणारं दुसरं केंद्र मला माहीत नाही.

यात सगळं गोड नव्हतं. हे ट्रान्समीटर विमानतळाच्या आणि अग्निशमन दलाच्या लहरींत अडथळा आणू शकतात, आणि तो धोका खरा आहे. कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रिन्सच्या स्लिमझी या डीजेवर तर २००५ मध्ये उंच इमारतींच्या गच्चीवर जायलाच बंदी घातली होती. पण परवाना दिला तर हीच माणसं नीट केंद्र चालवतात हेही दिसलं: १९८५ ला चोरून सुरू झालेल्या किस या केंद्राला १९८९ च्या शेवटी परवाना मिळाला, रिन्सला २०१० मध्ये.

तेव्हा लोकांनी कॅसेटवर भरून ठेवलेले कार्यक्रम आता इंटरनेटवर सापडतात. ऐकाल तेव्हा मधल्या जाहिराती गाळू नका. रेकॉर्डींची दुकानं, केस कापायची दुकानं, शनिवार रात्रीचे क्लब, सगळा मोहल्ला त्यातच आहे.