"समजलं ना?" "हो हो", आणि घोळ इथंच होतो

प्रश्न (सातपूर): आई ६८ ची, बीपी शुगर दोन्ही. डॉक्टरांपुढे सगळ्याला हो हो करते आणि रिक्षात बसलं की मला विचारते, काय म्हणाले रे ते?

उत्तर: माझ्याच क्लिनिकमधलं सांगतो. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार काका, त्यांना शुगरची गोळी नाश्त्यानंतर घ्या म्हणालो, ते हो म्हणाले, महिन्याने बघतो तर शुगर तशीच. खोदून विचारलं तर म्हणे, "डॉक्टर, मी नाश्ता करतच नाय, पहाटे बागेत जातो ते अकराला डायरेक्ट भाकरी, मग गोळी कधी घ्यायची?" चूक माझीच. तेव्हापासून "समजलं का" विचारणं सोडलं, आता विचारतो, "घरी काकूंना काय सांगाल तेवढं मला सांगा." तुम्हीही उठायच्या आधी डॉक्टरांना म्हणा, मला कळलं ते सांगतो, चुकलं तर सांगा. अर्धा मिनिट जातो. आणि आईच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून न्या, आयुर्वेदिक पण, लपवू नका.

प्रश्न (सिन्नर): चिठ्ठीवर १-०-१ आणि खाली एसओएस, म्हणजे काय?

उत्तर: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. पण दिवसात जास्तीत जास्त किती ते विचारूनच घ्या, कारण तापाला पॅरासिटामॉल चालू असतं आणि सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच असतं, पाकिटावरचं नाव वेगळं म्हणून कळत नाही. अक्षर लागलं नाही तर बिनधास्त विचारा, २०१६ पासून नियमच आहे की जेनेरिक नाव (कंपनीचं नव्हे, औषधाचं मूळ नाव) वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहायचं. (आमच्यातले किती जण पाळतात ते सोडा.)

प्रश्न (नाशिकरोड): शुगरची एचबीएवनसी टेस्ट केली, ६.४ आलं, नॉर्मल झालो म्हणून गोळी बंद केली. बरोबर ना?

उत्तर: अहो थांबा! ती टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, आणि ते ६.४ गोळी चालू असतानाचं आहे. आम्ही "नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट हातात देतो, पुढचं बोलतच नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करा, डोस कमी होईलही, पण ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न (त्र्यंबकजवळच्या उपकेंद्रातल्या सिस्टर): टीबीच्या तपासणीचा "रिपोर्ट निगेटिव्ह" सांगितलं की काही पेशंट रडायलाच लागतात.

उत्तर: निगेटिव्ह म्हणजे काहीतरी वाईट, असं वाटतं त्यांना. मग तो शब्दच टाळा सिस्टर. "तपासणीत टीबी सापडला नाही" म्हणा.