पार्लमेंटच्या जन्मसालाचा नाद सोड

चि. तुला अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं प्रकरण वाचलं. 'इंग्लंडची पार्लमेंट १२६५ साली जन्मली' हे पहिलंच वाक्य आधी खोड. रागावू नकोस. विद्यार्थी असताना मीही हेच लिहिलं होतं आणि चांगले मार्क पडले म्हणून गप्प बसलो होतो.

राजाविरुद्ध उठलेला सरदार सायमन द माँफर्ट याने १२६५ च्या जानेवारीत शहरांचे प्रतिनिधी बोलावले, हे खरं. पण परिस्थिती बघ. लुईसच्या लढाईनंतर राजा तिसरा हेन्री त्याच्या ताब्यात होता आणि बड्या सरदारांतले फार थोडे त्याच्या बाजूला उरले होते. आमंत्रणं गेली जेमतेम २३ सरदारांना. पंगतीला माणसं कमी पडली म्हणून दार उघडलं, असंही म्हणता येईल! ऑगस्टमध्ये इव्हशॅमला तो मारलाच गेला. शिवाय परगण्यांचे नाइट, म्हणजे सरदारांखालचे जमीनदार, कराच्या मागणीसाठी १२५४ मध्येच बोलावले होते. 'पार्लमेंट' हा शब्द तर न्यायालयाच्या दप्तरात १२३६ मध्ये सापडतो.

आता १३०५ च्या सभेकडे ये, तिथे घाई करू नकोस. तिचं दप्तर इतिहासकार मेटलंडने १८९३ मध्ये छापलं. फेब्रुवारीअखेर वेस्टमिन्स्टरला सभा भरली. २१ मार्चला जाहीर झालं, की बिशप, सरदार, नाइट, नगरवासी सगळ्यांनी घरी जावं; राजाच्या सल्लागार मंडळातल्यांनी आणि ज्यांचं काम उरलंय त्यांनी थांबावं. प्रतिनिधी गेले, तरी पार्लमेंट चालूच! राजाकडे दाद मागणारे अर्ज वाचले जात होते, उत्तरं दिली जात होती.

पार्लमेंट म्हणजे नेमकं काय, यावर इतिहासकारांचं खरं भांडण इथूनच लागतं. स्टब्जच्या लेखी १२९५ ची सभा आदर्श, कारण तिथे प्रतिनिधी होते. रिचर्डसन आणि सेल्स म्हणाले, न्यायदान हाच गाभा. मला ही जोडी जरा हट्टी वाटते. राजाची करासाठीची गरज ते फारच हलक्यात घेतात. मॅडिकॉट हा इतिहासकार तर दहाव्या शतकातल्या राजा अ‍ॅथेल्स्टनच्या सभांपर्यंत मागे जातो.

तू एक कर. १२९५ ची दोन बोलावणी शेजारी ठेव. सरदारांना बोलावलंय विचारविनिमय करायला, ठरवायला आणि करायला. शेरीफला, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याला, मात्र हुकूम असा, की निवडलेल्यांनी पूर्ण अधिकार घेऊन यावं, आणि सभेच्या सल्ल्याने जे ठरेल ते करावं. विचारविनिमयाचा शब्दच नाही. त्या एका क्रियापदावर दोन पानं लिहून आण. लॅटिन अडलं तर रविवारी सकाळी ये, मी घरीच आहे.