भाडं सोडा, छप्पर कोणाचं ते विचारा

भाऊ, व्याज नको म्हणून ब्रिटनमध्ये तुम्ही इस्लामी पद्धतीने घर घेतलंत. ठरलेल्या भाड्याची मुदत संपताच ते शेजाऱ्याच्या कर्जाच्या हप्त्याइतकंच वाढलं. मग ही भांडवलशाहीच ना, असं तुम्ही विचारलंय. आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता बर्मिंगहॅमला, आणि याच योजनेत आहोत. मुशारका (संस्थेशी भागीदारीत घर घेणं) आणि इजारा (तिच्या हिश्श्याचं भाडं देत तो हळूहळू विकत घेणं) तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात अधिक शिरत नाही. मी मुफ्ती नाही, वित्तसल्लागारही नाही.

भाडं वाढलं याचा मला तितका राग नाही. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 च्या मध्यापर्यंत 0.1 टक्के होता, ऑगस्ट 2023 मध्ये तो 5.25 वर गेला. भाडं ठरवताना संस्था त्याच दराकडे बघतात. माप बाजारातून घेतलं म्हणून सौदा हराम होत नाही, असं बहुतेक शरिया मंडळं (व्यवहार धर्मनियमांत बसतो का ते तपासणारे जाणकार) मानतात. मलाही ते पटतं.

माझं बिनसलं ते छपरावरून. पावसाळी हिवाळ्यात माळ्यावर पाणी यायला लागलं. आमच्या वित्तसंस्थेला (नाव लिहीत नाही) मी विचारलं, घराचा मोठा हिस्सा अजून तुमच्या नावावर आहे, मग दुरुस्तीत तुमचा वाटा किती? बरेच दिवस फोनवर नुसतं संगीत. शेवटी काय आलं, तर शरिया मंडळाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि करारातलं एक पान. त्यात मी त्यांचा 'सेवा प्रतिनिधी', म्हणून सगळी दुरुस्ती माझी. शिवाय त्यांचा हिस्सा मी मूळ किमतीलाच विकत घ्यायचा. उद्या घराचा भाव पडला तर खड्डा माझ्या खिशाला, त्यांचे पैसे शाबूत. अरे, मालक म्हणून भाडं घेता, मग छप्पर गळताना कुठे जाता? वर पत्राच्या शेवटी सलाम!

माझ्या मते खरा प्रश्न हाच. इस्लामचं नफ्याशी, खासगी मालकीशी, बाजाराशी वैर नाही. पैगंबर स्वतः व्यापारी होते. कुरआनात व्यापार हलाल आणि रिबा (व्याज) हराम एकाच आयतीत (2:275) आहे. फिकहचा (इस्लामी कायदेशास्त्राचा) नियम असा की ज्याच्या माथी नुकसानीची जबाबदारी, त्यालाच नफ्याचा हक्क. कर्ज देणारा मात्र धंदा बुडाला तरी आपलं घेतो. पाकिस्तानचे इस्लामी वित्ताचे जाणकार मुफ्ती तकी उस्मानींनी 2007 मध्ये सुकूकवर (इस्लामी रोख्यांवर) हाच आक्षेप घेतला होता: मूळ किमतीला परत घेण्याचं वचन दिलं की भागीदारी उरते कुठे?

म्हणून नवा करार करताना तीनच गोष्टी लेखी मागा: मोठी दुरुस्ती कोणाची, घर तोट्यात विकलं तर तोटा कसा वाटायचा, उशिराचा दंड कुठे जातो. दंड दानात जायला हवा. ठेवून घेत असतील तर मी तरी तिथे थांबणार नाही. काही जाणकार गरज म्हणून हे सगळं चालवून घेतात, त्यांना मी चूक म्हणत नाही. एक मात्र मान्य करायला हवं, 2003 च्या कायद्याने इथे दुहेरी मुद्रांक शुल्क (एकदा संस्थेच्या खरेदीवर, एकदा आपल्या) गेलं, नाहीतर आपल्याला ही योजनाही परवडली नसती.

आणि गावाकडून कोणी 'हलाल परतावा, दरमहा ठरलेला' अशी योजना पाठवली तर पैसे लावू नका. 2019 मध्ये बेंगळुरूत याच नावाखाली हजारो कुटुंबं बुडाली. ठरलेला परतावा म्हटला की तो मुदारबा (एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा वाटून) नाहीच. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये इस्लामी बँकिंगचा विचार सोडून दिल्याचं सांगितलं, म्हणून भारतात 'आम्ही हलाल बँक' म्हणणाऱ्याकडे आधी परवाना मागा.