ग्रह आहे की नाही, यावरच इतकी वर्षं वाद!

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय की साडेदहा प्रकाशवर्षांवर एप्सिलॉन एरिडानी नावाचा सूर्यासारखाच तारा आहे, त्याला ग्रह आहे आणि तिथे जीवसृष्टी असू शकते. मुलगी आठवीत आहे, गच्चीवरून दाखवा म्हणून मागे लागलीय. यात खरं किती? आणि पुण्यातून दिसतो का?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : अंतर बरोबर, ग्रह आहे हेही बरोबर, जीवसृष्टी मात्र मेसेजवाल्याने पदरची घातलीय. हा नारंगी बटू तारा, म्हणजे सूर्यापेक्षा लहान आणि थोडा थंड, वस्तुमान सूर्याच्या ८२ टक्के पण प्रकाश जेमतेम एक तृतीयांश, तापमान ५१०० केल्विनच्या आसपास. नारंगी म्हटलं म्हणून संत्र्यासारखा रंग शोधू नका, डोळ्यांना फिकट पिवळाच वाटतो.

खरी गंमत ग्रहाची आहे. तो कुणी थेट पाहिला नाही, ताऱ्याच्या डुलण्यावरून ओळखला. ग्रह फिरतो तसा तो ताऱ्यालाही जरासा ओढतो, त्यामुळे तारा आपल्याकडे येतो, लांब जातो, आणि त्याच्या प्रकाशातल्या रेषा (प्रकाश सप्तरंगांत पसरवला की दिसणाऱ्या काळ्या रेघा) किंचित सरकतात. इथे हा वेग सेकंदाला साधारण ११ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटर, कर्वे रोड मोकळा असेल तर (कधी असतो म्हणा!) स्कूटर जाते तेवढा. एवढ्या लांबून अख्ख्या ताऱ्याचा असला वेग मोजायचा, आणि त्यात हा तारा वयाने अगदी कोवळा, ४० ते ८० कोटी वर्षांचा, सूर्य ४६० कोटींचा आहे. कोवळा म्हणून खोडकर पण. ११ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, अंगावर डाग भरपूर, आणि डागांमुळेही रेषा तशाच सरकल्यासारख्या दिसतात. म्हणून २००० साली ग्रह जाहीर झाला तरी बऱ्याच जणांना तो पटेना, हे डागांचेच खेळ म्हणाले. त्यात ग्रहाच्या एका फेरीला सात वर्षांहून जास्त लागतात, मग खात्री करायला किती थांबायचं बघा! २०१९ मध्ये तीस वर्षांची मोजमापं एकत्र मांडली तेव्हा कुठे शंका बऱ्यापैकी मिटली. माझ्या मते शंका घेणाऱ्यांचं काही चुकलं नाही, असल्या ताऱ्याच्या बाबतीत घाई करायचीच नसते.

ग्रह गुरूसारखा वायूचा, पाय टेकायलाही जमीन नाही. ताऱ्यापासून अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेतीन पट, म्हणजे थंडी सॉलिड. त्याच्याही बाहेर धुळीचं मोठं कडं आहे, ते १९९८ मध्येच सापडलं होतं.

परग्रहवासीयांचा विषय निघालाच आहे तर, १९६० मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकला २६ मीटरची रेडिओ दुर्बीण याच ताऱ्याकडे वळवून कान लावला होता. एकदा जोरात सिग्नल आलाही, पण तो पृथ्वीवरचाच निघाला. (आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची एकेक डिश ४५ मीटरची आहे, आणि अशा ३०!)

आता गच्ची. तारा नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका तेजस्वी आहे, पण सिंहगड रोडच्या दिव्यांत अवघडच. पानशेत किंवा मुळशीच्या बाजूला, चंद्र नसलेल्या रात्री जा. जानेवारीच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा, डावीकडे मृग नक्षत्र दिसेल, त्यातला उजवीकडचा निळसर ठळक तारा म्हणजे राजन्य. तिथून हात ताठ करून अडीच मुठी पश्चिमेकडे मोजत या, की हा सापडतो. आसपास तितपतच तेजाचे आणखी तारे आहेत, तेव्हा मोबाईलमधलं आकाशाचं अॅप जवळ असू द्या. ग्रह मात्र दिसणार नाही, आयुका या पुण्यातल्या खगोलसंस्थेच्या गिरवलीच्या दोन मीटर दुर्बिणीतूनही नाही, हे मुलीला निघायच्या आधीच सांगा, नाहीतर येताना गाडीत तोंड फुगवून बसेल.