‘मध्यंतरी’ म्हणजे नेमकं केव्हा?

मिरजेच्या एका निवृत्त ग्रंथपालांचं सहा पानी पत्र आलं आहे. विषय घरचा डीव्हीडी प्लेअर. २०२२ च्या दिवाळीआधी सांगलीतून ५,४९० रुपयांना घेतला, वर्षाची वॉरंटी. तक्रारी चार: ट्रे बाहेर येत नाही, टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसतं, न्यू जर्सीच्या भाचीने पाठवलेली डिस्क लागत नाही, आणि कुठलीही डिस्क घातली तरी पडद्यावर ‘नो डिस्क’. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या झाल्या, पैसे गेले आणि शेवटी प्लेअर पिशवीत बांधून माळ्यावर गेला. त्याच्या पोटात आईच्या पंचाहत्तरीची डिस्क अडकली आहे. आई आता नाहीत. प्रश्न असा, की उत्पादनदोषाचा दावा लावून कंपनीकडून पाच लाख मागता येतील का?

प्लेअरच्या जागी मिक्सर, गिझर किंवा वॉशिंग मशीन घातलं की हेच पत्र मला सतत येत असतं. म्हणून बिल जपून ठेवावं वगैरे सांगत बसत नाही. तुम्हाला ते माहीत होतं, तरी ठेवलं नाहीत. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या फोटोत मला फक्त दुकानाच्या नावाची खालची अर्धी ओळ दिसते. थर्मल कागदावरचं बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाने त्याची एक झेरॉक्स काढायला हरकत नव्हती.

आता चारांपैकी तीन तक्रारी बाजूला ठेवू. डीव्हीडीला जगाच्या विभागांप्रमाणे कुलूप घातलेलं असतं. भाचीची डिस्क अमेरिकेतली म्हणजे विभाग १ ची, आणि भारतात विकला जाणारा प्लेअर विभाग ५ चा. ती लागत नाही हा बिघाड नव्हे, मशीन तसंच बनवलेलं असतं. काळ्या-पांढऱ्या चित्राचं बहुतेक असं झालंय: हल्लीच्या पुष्कळ टीव्हींना पिवळ्या आणि हिरव्या पिनेसाठी मागे एकच भोक असतं. पिवळी पिन लावून रिमोटवर ‘कंपोनंट’ निवडलं की रंग जातात. ‘एव्ही’ निवडून बघा. ट्रे अडकणं हे साधारणपणे आतला रबरी बेल्ट सैल पडल्याचं लक्षण, आणि बेल्ट ही झिजणारी वस्तू. हे तीन मुद्दे तक्रारअर्जात घातलेत तर समोरचा वकील पहिली दहा मिनिटं त्यांच्यावरच बोलेल आणि चौथ्यावर येईपर्यंत तुम्ही कटकटे ग्राहक ठरलेले असाल.

उरलं ‘नो डिस्क’. इथे तुमच्या हातात काय आहे याची तुम्हाला कल्पनाच नाही असं पत्रावरून वाटतं. पाच लाखांच्या नादात दोन जॉबशीट, म्हणजे सर्व्हिस सेंटरचे दुरुस्तीचे कागद, तुम्ही ‘इतर कागद’ म्हणून शेवटी जोडल्यात. पहिली ७ डिसेंबर २०२३ ची. वॉरंटी संपून दोनेक महिने झालेले, म्हणून सर्व्हिस सेंटरने लेन्स असेंब्ली बदलली आणि २,३६० रुपये घेतले, जीएसटीसकट. मागच्या बाजूला बारीक अक्षरांतलं सहावं कलम सांगतं की बदललेल्या सुट्या भागाला ९० दिवसांची हमी. दुसरी जॉबशीट ४ मार्च २०२४ ची. त्यावर तंत्रज्ञाने हाताने लिहिलंय: ‘सीडी ओके. टेस्ट डीव्हीडी नॉट रीडिंग. सील ब्रोकन. वॉरंटी नॉट अ‍ॅप्लिकेबल.’

सात डिसेंबरपासून चार मार्च हा ८८ वा दिवस. अजून तीन दिवस ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणत काढले असतेत तर हे उत्तर लिहायची गरजच पडली नसती.

त्या तंत्रज्ञाची ओळ नीट वाचा. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा तांबडा. दोन्ही त्याच असेंब्लीत बसवलेले असतात. सीडी चालते आणि सेंटरची स्वतःची टेस्ट डीव्हीडी चालत नाही, याचा अर्थ तुमच्या डिस्क खराब आहेत, फायनलाइझ (म्हणजे राइट करून झाल्यावर बंद) केलेल्या नाहीत, ओरखडे आहेत हे सगळे नेहमीचे बचाव त्यांनीच आपल्या हाताने पुसून टाकले. ८८ दिवसांपूर्वी पैसे घेऊन बसवलेला भाग काम करत नाही, असं त्यांच्याच कागदावर त्यांच्याच माणसाने लिहून दिलंय.

म्हणून माझं म्हणणं असं: उत्पादनदोष विसरा, दुरुस्तीवर भांडा. उत्पादनदोष म्हटलं की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्याची वेळ येऊ शकते. तिची फी आधी तुम्ही भरायची आणि अहवालाची वाट बघायची. तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय असे दावे पडतात. शिवाय तो रस्ता मुदतीनेही बंद झालाय. पहिला बिघाड जुलै २०२३ चा, कलम ६९ ची दोन वर्षं जुलै २०२५ मध्ये संपली. विलंब माफ करा असा अर्ज देता येतो, पुरेसं कारण लागतं. ‘ते बघतो म्हणत होते’ हे पुरेसं कारण म्हणून सहसा चालत नाही.

दुरुस्तीचं तसं नाही. तो स्वतंत्र व्यवहार आहे, मोबदला देऊन घेतलेली सेवा आहे, तिची स्वतःची हमी आहे आणि ती मोडल्याचा स्वतःचा कागद आहे. सेवेतली त्रुटी दाखवायला प्रयोगशाळा लागू नये, दोन जॉबशीट शेजारी ठेवल्या की पुरे.

आता मुदत. तुमची समजूत अशी की सेंटरच्या मॅनेजरने ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर, हेड ऑफिसला फॉरवर्ड केले आहे’ असं लिहिलं, म्हणजे तिथून पुन्हा दोन वर्षं मोजायची. ही समजूत कोण पसरवतं मला माहीत नाही, पण दर महिन्याला एखादा तरी चांगला दावा तिच्यापायी बुडतो. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कंदिमल्ला राघवय्या प्रकरणात हे निकालात काढलंय: आगीनंतर चार वर्षांहून अधिक काळाने दावा-अर्ज मागितला आणि विमा कंपनीने नकाराचं उत्तर दिलं, म्हणून मुदत काही नव्याने सुरू होत नाही. त्याच वर्षीच्या स्टेट बँकेच्या एका निकालात तर, मुदतीचा मुद्दा समोरच्याने काढला नाही तरी ग्राहक आयोगाने स्वतःहून तपासायचा, असंही सांगितलंय. पत्रं, स्मरणपत्रं, वकिलाची नोटीस, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवलेली तक्रार, कशानेच घड्याळ थांबत नाही. तुम्ही तर दीड वर्ष व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शुभ सकाळ’पासून सुरुवात करून विचारपूस करत होतात.

मग घड्याळ कुठून चालू झालं? माझ्या मते ४ मार्च २०२४ पासून, कारण त्या दिवशी लेखी नकार मिळाला. पण समोरचा म्हणेल, लेन्स बंद पडली ११ फेब्रुवारीला, तुम्हीच तसं लिहिलंय, तेव्हा मोजणी तिथून. तो अगदीच चुकीचं बोलतोय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. हे उत्तर जानेवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात लिहितोय. या वादातच पडू नका, १० फेब्रुवारीच्या आत तक्रार दाखल करून मोकळे व्हा. यंदा होळीही मार्चच्या सुरुवातीलाच आहे. मुदत गेली की मग शिमगाच.

एवढं सगळं बाजूने असताना मला घाबरवणारा तुमच्या पत्रात एकच शब्द आहे. पान चार, खालून तिसरी ओळ: ‘मध्यंतरी शेजारच्या मुलाने वरचं झाकण काढून लेन्स कापसाने पुसून पाहिली.’

मध्यंतरी म्हणजे केव्हा?

अख्खं प्रकरण या शब्दावर टांगलंय. झाकण ७ डिसेंबरच्या आधी काढलं असेल तर काही बिघडत नाही. उघडलेला संच समोर असताना सेंटरने पैसे घेऊन दुरुस्त केला, हमी दिली, आता सीलचं नाव काढायचा त्यांना अधिकार राहत नाही. ४ मार्चनंतर काढलं असेल तर आणखी उत्तम. मग त्या दिवशी तुटलेलं सील कुणी तोडलं? लेन्स बदलायला ७ डिसेंबरला त्यांनीच झाकण उघडलं होतं, आणि पहिल्या जॉबशीटवर नवीन स्टिकर लावल्याची नोंद मला दिसली नाही. पण ११ फेब्रुवारी ते ४ मार्च या तीन आठवड्यांत मुलाने कापूस फिरवला असेल, तर समोरच्याला त्याचा एकमेव खरा बचाव तुम्ही ताटात वाढून दिलाय. तरीही प्रकरण संपत नाही. लेन्स ११ फेब्रुवारीलाच बंद पडली होती, म्हणजे पुसण्याच्या आधी, आणि त्या संध्याकाळी तुम्ही सेंटरला पाठवलेला ‘नो डिस्क’चा फोटो तुमच्या फोनमध्ये तारखेसह असायला हवा. तो पुसू नका. फोन बदलायचा असेल तर थांबा. मात्र अशा वेळी आयोग काय म्हणेल हे मी सांगू शकत नाही. निम्मी रक्कम मान्य करून मिटवा म्हटलं तर मिटवावं लागेल.

प्रतिज्ञापत्रात ही तारीख खरी लिहा. सोयीची तारीख घालायचा मोह होईल, कायद्याची बाजू वर सांगितल्यावर तर नक्कीच होईल. समोरच्याकडे ४ मार्चला काढलेला उघड्या संचाचा फोटो निघाला तर २,३६० रुपयांबरोबर तुमचा शब्दही जाईल.

दाखल करायला वकील लागत नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कुठेही असो. जॉबशीटवर ‘फक्त मुंबई न्यायक्षेत्र’ छापलंय, त्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. अपलोड अडलं तर दोन दिवस त्यातच घालवू नका, सरळ सांगलीला जाऊन हाती द्या आणि पोचेवर शिक्का घ्या. विरुद्ध पक्ष म्हणून सर्व्हिस सेंटर आणि कंपनी दोघांनाही घ्या. दुकानदाराला यात ओढण्यात अर्थ दिसत नाही. त्याच्याकडून फक्त बिलाची दुसरी प्रत मागा. जीएसटीची नोंदणी असेल तर हिशेब त्याला बरीच वर्षं ठेवावे लागतात, वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने. ‘आता नाही मिळणार’ म्हणाला तर हे ऐकवा.

मागणी: २,३६० रुपये परत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल रास्त रक्कम. पाच लाख नाही. आईच्या डिस्कबद्दल तुम्हाला काय वाटतं ते मला कळतं, पण भरपाई ठरवणाऱ्यांसमोर दोन हजारांची पावती आणि पाच लाखांचा आकडा एका पानावर आला की पावतीकडेही संशयाने बघतात.

वेळेचं विचाराल तर कायदा म्हणतो, समोरच्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५. यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगून झालंय. चाचणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल, असंही कायद्यात आहे. अध्यक्षांची जागा रिकामी, सदस्य रजेवर, समोरच्याच्या वकिलाचं वकालतनामा विसरणं, या सगळ्यात त्या तीन महिन्यांचं काय होतं ते आयोगाच्या बाकावर चार तारखा बसलात की कळेल. मध्यस्थीसाठी विचारतील, तेव्हा लगेच नाही म्हणू नका. लेखी कागद असलेल्या छोट्या रकमेत कंपन्या तिथेच मिटवतात, त्यांनाही वकिलाची फी परवडत नाही.

डिस्कचं मात्र तारखांवर सोडू नका. घरी राइट केलेल्या डीव्हीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते आणि उष्णतेने, उजेडाने तो थर उतरत जातो. पत्र्याखालचा माळा आणि सांगली-मिरजेचा एप्रिल हे मी तुम्हाला सांगायला नको. तक्रार दाखल झाली की सेंटरला स्पीड पोस्टाने एक दिवस कळवा, यायचं तर या. त्या दिवशी दोन माणसांसमोर, व्हिडिओ चालू ठेवून, गावातल्या एखाद्या जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिककडून झाकण उघडून फक्त डिस्क काढून घ्या. लेन्सच्या भागाला त्याने हात लावायचा नाही, आणि काय केलं ते लेटरहेडवर लिहून द्यायचं. उघडण्याआधी प्लेअर टीव्हीला लावून, डिस्क आत असताना पडदा ‘नो डिस्क’ म्हणतोय, हे चित्रित करा. मग डिस्क थेट एखाद्या फोटो स्टुडिओत न्या आणि पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, दोन प्रती.

आणि तो शेजारचा मुलगा. या वयाची मुलं झाकण उघडलं की आधी फोटो काढतात आणि मित्राला पाठवतात. त्याच्या फोनवर तो फोटो अजून असेल तर त्याखाली तारीख असेल. आज रात्रीच विचारा. तारीख कळली की मला एका ओळीत कळवा, पुन्हा सहा पानं नकोत.